चड्डीला लागतंय म्हणजे जुलाब नव्हेत: आमच्या लेकाच्या अडकलेल्या शीची पूर्ण केस

शाळा सुरू होऊन तीनेक आठवडे झाले होते आणि रोज दुपारी लेक बसमधून उतरला की आधी वास यायचा. चड्डी बघितली की पातळसर डाग, कधी रुपयाएवढा तर कधी अख्खी मागची बाजू. विचारलं तर म्हणायचा, "आई, मला कळलंच नाही." आणि मी, आता लिहिताना पोटात तुटतं, पण मी त्याला रागवायचे की सव्वापाच वर्षांचा झालास, कळलं नाही म्हणजे काय, खेळातून उठायचा कंटाळा दुसरं काही नाही. ही केस मी मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण तेव्हा मला कोणीतरी एवढंच सांगायला हवं होतं की पोरगा खरं बोलतोय.

आम्हाला वाटलं जुलाब. पातळ आहे, चड्डीत होतंय, दिवसातून चारपाच वेळा होतंय, मग दुसरं काय असणार. सासूबाईंनी जायफळ उगाळून दिलं, मी डाळिंबाचा रस, मऊ भात, ओआरएस सगळं केलं, जवळच्या दवाखान्यातून जुलाब थांबवायचं औषध आणलं. चार दिवस बरं वाटलं, म्हणजे डाग कमी झाले, आणि पाचव्या दिवशी पोट दुखतंय म्हणून बेंबीपाशी हात धरून रडायला लागला. आम्ही जे करत होतो त्यातलं बरंचसं शी बांधायचं होतं आणि आतमध्ये ती आधीच दगडासारखी बांधलेली होती, पण हे कळायला अजून आठवडा जायचा होता.

खरं तर खुणा सगळ्या समोर होत्या. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा तो कमोडमध्ये शी करायचा आणि ती एवढी जाड की फ्लशने जायची नाही, बादलीने पाणी ओतावं लागायचं, आम्ही तर कौतुकाने म्हणायचो की एवढ्याशा पोराची शी बघा केवढी. संध्याकाळी खेळता खेळता मध्येच पडद्यामागे जाऊन उभा राहायचा, पाय एकमेकांवर आवळून, टाचा वर, चेहरा लाल. आम्हाला वाटायचं बिचारा कुंथतोय, शी यावी म्हणून जोर लावतोय. तो जोर लावत होता, पण शी बाहेर येऊ नये म्हणून. हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी दोन मिनिटं बोललेच नाही. वर्षभर सुटलेलं अंथरूण ओलं करणंही परत सुरू झालं होतं आणि त्याचा याच्याशी काही संबंध असेल हे डोक्यातही आलं नव्हतं.

मग मोठ्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी औषध लिहायच्या आधी पंधरा वीस मिनिटं नुसते प्रश्न विचारले. जन्मल्यावर पहिली काळी शी कधी झाली, पहिल्या दिवशी की उशिरा? वजन उंची बरोबर वाढतेय का? कधी हिरवी उलटी, पोट फुगणं? चालण्यात काही फरक, पाय अशक्त? शीत रक्त? दूध किती पितो? शाळेत शीला जातो का? आणि शेवटी एक प्रश्न जो मला अजिबात अपेक्षित नव्हता, "आई, पहिल्यांदा शी करताना रडला होता असं काही आठवतंय का तुम्हाला?"

आठवत होतं. पावणेतीन वर्षांचा असताना, डायपर सोडवायचं नुकतंच चाललेलं, त्यात ताप आला, खाणंपिणं कमी झालं, आणि तीन दिवसांनी जी शी आली ती इतकी कडक की शीवर रक्ताची रेघ होती आणि पोरगा घर डोक्यावर घेऊन रडला. त्यानंतर दोन दिवस जायला तयार नाही म्हणून घरात साबणाची काडी लावली, दोघांनी धरून. पुढे ताप गेला, आम्ही विसरलो. तो विसरला नव्हता. डॉक्टर म्हणाले की बहुतेक केसेसची सुरुवात अशीच एका दुखलेल्या शीपासून असते, कडक खड्यामुळे गुदद्वाराला चीर पडते, दुखतं, आणि मुलाच्या डोक्यात पक्कं बसतं की शी म्हणजे दुखणं, मग तो ती धरून ठेवायला शिकतो.

तपासताना त्यांनी माझा हात घेऊन त्याच्या पोटावर डाव्या बाजूला खाली ठेवला आणि म्हणाले दाबून बघा. बटाट्यासारखं काहीतरी हाताला लागलं. "ही शी आहे, किती दिवसांची सांगता येणार नाही." मग पाठीचा मणका बघितला, कमरेखाली खळगा किंवा केसांचा पुंजका वगैरे आहे का ते, पाय बघितले, गुदद्वार बाहेरून बघितलं. मी म्हटलं सोनोग्राफी, एक्सरे, रक्त? ते म्हणाले, इतिहास सरळ आहे, तपासणीत धोक्याचं काही नाही, लगेच कशाची गरज नाही. मला त्या वेळी जरा चुटपुट लागली होती, टेस्ट नाही म्हणजे नीट बघितलं नाही असं आपल्याला वाटतंच ना. पण नंतर वाचल्यावर कळलं की मुलांच्या बद्धकोष्ठात शंभरातल्या नव्वदपेक्षा जास्त मुलांमध्ये आतड्याचा कुठलाच आजार सापडत नाही, आणि त्याचं निदान प्रश्न विचारून आणि हात लावूनच होतं. त्यासाठी रोम चार नावाचे निकष आहेत, २०१६ चे, त्यात आठवड्यातून दोन किंवा कमी वेळा शी, धरून ठेवणं, दुखरी किंवा कडक शी, चड्डीला लागणं, टॉयलेट तुंबेल एवढी मोठी शी, आतमध्ये साठलेला गोळा, यातल्या दोन तरी गोष्टी महिनाभर असाव्या लागतात. आमच्याकडे सहाच्या सहा होत्या.

पण तो पहिल्या काळ्या शीचा प्रश्न उगाच नव्हता, हे पण लिहून ठेवते. जन्मल्यानंतर ४८ तासांतही ती झाली नसेल, किंवा अगदी पहिल्या महिन्यापासूनच त्रास असेल, पोट फुगतंय, हिरवी उलटी होतेय, वजन वाढत नाहीये, पाय अशक्त वाटतात, तर तिथे घरगुती काही करत बसायचं नाही, थेट डॉक्टर. हर्षस्प्रुंग नावाचा एक आजार असतो, आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसतात, त्याला ऑपरेशन लागतं. थायरॉइड कमी असणं, गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला त्रास होतो तो सिलिॲक आजार, ही पण कारणं असू शकतात. आमच्या लेकात यातलं काही नव्हतं.

आता ते पातळ डागांचं. डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे चित्र काढलं, ते मी अजून जपून ठेवलंय. मोठ्या आतड्याचं कामच पाणी शोषून घेणं, त्यामुळे शी जितकी जास्त वेळ आत तितकी कोरडी आणि कडक. रोज धरून धरून शेवटच्या पिशवीत, म्हणजे मलाशयात, गोळा साठत जातो, ती पिशवी फुग्यासारखी ताणली जाते, आणि ताणून ताणून सैल झाली की "आली आता" हा निरोपच मेंदूला जात नाही. वरून येणारी नवीन पातळ शी मग गोळ्याच्या कडेने झिरपते आणि चड्डीत येते. नळीत बोळा अडकल्यावर कडेने पाणी झिरपतं ना, तसंच. पोराला खरोखर कळत नाही. कंटाळा नाही, हट्ट नाही, लक्ष वेधायचा प्रकार नाही. आणि तीच भरलेली पिशवी पुढे मूत्राशयाला दाबते म्हणून रात्री अंथरूण ओलं.

उपचाराचा पहिला भाग म्हणजे आतला साठा रिकामा करणं, आणि तो झाल्याशिवाय पपई, मनुका, इसबगोल काहीही दिलं तरी उपयोग नाही, उलट गच्च भरलेल्या पोटात आणखी चोथा जातो. पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाची पावडर दिली. ती रक्तात जवळजवळ शोषली जात नाही, पाणी धरून ठेवते आणि ते पाणी शीपर्यंत पोचवते, एवढंच तिचं काम. डोस वजनावर असतो, साठा काढताना किलोला एक ते दीड ग्रॅम रोज, लेक १७ किलोचा म्हणून दिवसाला साधारण २० ग्रॅम, दोन भागात. हा आकडा आमच्या मुलाचा आहे, कृपया बघून मेडिकलमधून आणून देऊ नका, आत खरंच साठा आहे का आणि दुसरं काही नाही ना हे हात लावूनच ठरतं. एनिमा द्यायचा का विचारलं तर डॉक्टर म्हणाले तोंडाने जमत असेल तर मागून काहीही नको, याची अर्धी भीती मागून केलेल्या गोष्टींचीच आहे. साबणाच्या काडीसाठी मला त्यांनी बोल लावला नाही, पण पुन्हा नको एवढं स्पष्ट सांगितलं, साबणाने आतली नाजूक त्वचा चुरचुरते.

शुक्रवार ते मंगळवार शाळेतून सुट्टी घेतली. पावडर कोकम सरबतात कालवली तर त्याला पत्ता लागला नाही. पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी डाग इतके वाढले की दिवसात नऊ चड्ड्या, यांनी फोन लावायला घेतला की औषधाने जुलाब झाले, बंद करूया. पण डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं की गोळा सुटायच्या आधी कडेचं झिरपणं वाढतं, घाबरून थांबू नका. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर बसला, माझे दोन्ही हात घट्ट धरले, आणि जे बाहेर आलं ते बघून सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, हे सगळं या एवढ्याशा पोटात होतं?" पुढचे दोन दिवस तेच, मग हळूहळू पातळ आणि स्वच्छ. पाचव्या दिवशी त्याने दोन भाकऱ्या खाल्ल्या. कित्येक महिन्यांत त्याला एवढी भूक लागलेली मी बघितली नव्हती.

दुसरा भाग लांबचा. पावडर कमी करून साधारण ८ ग्रॅम रोज, आणि शी बघून थोडी वर खाली करायची. त्यासाठी एक चित्रांचा तक्ता दिला, इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात तयार झालेला, सात प्रकारच्या शीचा, एक नंबर म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे आणि सात म्हणजे नुसतं पाणी, आपल्याला चार नंबर हवा, मऊ गुळगुळीत केळ्यासारखा. तो तक्ता टॉयलेटच्या दाराला आतून लावला आणि लेकाला त्यात इतका रस की शी झाली की आधी नंबर सांगायचा. मला हे फार उपयोगी पडलं, कारण शी हा विषय आमच्या घरात आतापर्यंत नाक मुरडायचा किंवा रागवायचा होता, तो पहिल्यांदाच नुसता बोलायचा विषय झाला.

बसायची वेळ ठरवली, सकाळचं दूध झाल्यावर आणि रात्री जेवणानंतर, दहा मिनिटं, मोबाइल नाही. जेवण पोटात गेलं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं, त्या वेळेचा फायदा घ्यायचा. आमच्याकडे कमोड आहे आणि त्याचे पाय लोंबकळत राहायचे, लोंबकळत्या पायांनी पोटाचा जोर नीट लागत नाही, मग पुढे पाट ठेवला, दोन विटांवर, गुडघे कमरेच्या वर येतील असे. इंडियन टॉयलेटमध्ये हे आपोआप होतं, गावी गेल्यावर तो तिथे पटकन मोकळा व्हायचा त्याचं कारण मला आत्ता कळलं. बसला की फुगा फुगवायला द्यायचे, फुंकताना पोट आपसूक घट्ट होतं. आणि स्टिकर मिळायचं ते बसल्याबद्दल, शी झाल्याबद्दल नाही. हा फरक मला आधी बारीक वाटला होता, पण शी होणं पोराच्या हातात नसतं, बसणं असतं, म्हणून ज्या दिवशी शी झाली नाही त्या दिवशीपण स्टिकर.

खाण्यात सगळ्यात मोठा बदल दुधाचा. दिवसाला ७०० ते ८०० मिली दूध चालू होतं, चॉकलेटची पावडर घालून, जेवला नाही तर निदान दूध तरी प्यावं म्हणून, आणि दुधाने पोट भरलेलं म्हणून जेवत नव्हता, असं ते चक्र. ते दोन कपांवर आणलं. बिस्किटं आणि मैद्याचं कमी, ज्वारीची भाकरी, पालेभाजी डाळीत घालून, पेरू, पपई, उसळी. पाण्याची बाटली शाळेतून भरलेलीच परत यायची, का तर पाणी प्यायलं की टॉयलेटला जावं लागतं आणि शाळेतल्या टॉयलेटला कडी लागत नाही, मोठी मुलं दार ढकलतात. हे त्याने मला तिसऱ्या आठवड्यात, झोपताना सांगितलं. रोजचा सहा सात तासांचा धरून ठेवायचा सराव तिथून आला होता. मी शाळेत जाऊन मिसना भेटले, सगळं सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही, तर त्यांनी कडी बसवून घेतली आणि तिथल्या मावशींना सांगितलं की हा बोट वर करेल तेव्हा विचारायचं नाही, सरळ पाठवायचं. दप्तरात एक जादा चड्डी आणि पिशवी, कोणाला न दिसेल अशी.

आता जे चुकलं ते. सात आठवड्यांनी सगळं इतकं छान झालं की मी पावडर बंद केली. डॉक्टरांना न विचारता. घरात रोज चर्चा चालायची की एवढं औषध, आतड्याला सवय लागेल, मग आयुष्यभर पावडरीशिवाय होणार नाही, माझ्या आईचा पण फोन, "अगं किती दिवस ते केमिकल देणार आहेस, एरंडेल दे एकदा, मोकळं होऊ दे." त्यात माझ्या बहिणीच्या लग्नाला आठ दिवस गावी जायचं होतं. लग्नात गुलाबजाम, वेफर्स, अनोळखी टॉयलेट, सकाळी गर्दी. परत आलो आणि दहाव्या दिवशी चड्डीला डाग. तो बाथरूममध्ये स्वतःच चड्डी धुवत होता, मला कळू नये म्हणून. मला तो क्षण अजून झोपू देत नाही.

डॉक्टरांनी रागावण्याऐवजी तेच चित्र परत दाखवलं. साठा पाच दिवसांत निघतो, पण ताणलेली पिशवी पुन्हा आवळून यायला महिने लागतात, तोपर्यंत शी मऊ ठेवणं हेच औषध, नाहीतर एक कडक शी आली की भीती परत पहिल्यापासून. सवयीचं म्हणाल तर या पावडरीची आतड्याला सवय लागत नाही, ती बंद केल्यावर त्रास परत येतो तो आजार बरा व्हायच्या आधी बंद केली म्हणून. निदान दोन महिने औषध चालवायचं, त्यात शेवटचा पूर्ण महिना एकही तक्रार नको, आणि मग एकदम नाही, हळूहळू कमी करायचं, अशी ती पद्धत. बऱ्याच मुलांना याहून खूप जास्त लागतं. आमची दुसऱ्या वेळची सफाई तीन दिवसांत झाली आणि मग मी कॅलेंडरवर रोज नंबर लिहायला लागले, तीन, चार, चार, पाच, असं.

सासूबाईंबद्दल लिहायलाच हवं कारण या केसमध्ये सर्वात जास्त बदलल्या त्या. दुसऱ्या वेळी मी त्यांना सोबत घेऊन गेले. डॉक्टरांनी त्यांचापण हात पोटावर ठेवला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "याचे काका असेच होते, आम्ही त्यांना फार मारलं गं." त्या दिवसापासून रात्रीचं बसणं त्यांच्याकडे, दहा मिनिटं टॉयलेटच्या दाराबाहेर पाटावर बसून गोष्ट सांगायच्या, आणि डाग लागला तरी नुसतं "बदल बाळा" एवढंच. शेजारणीने तान्ह्या नातीला पाच दिवस शी नाही म्हणून साबण लावायचं म्हटलं तर त्यांनीच थांबवलं, की नुसतं आईचं दूध पिणारं बाळ नीट पितंय, खेळतंय, वजन वाढतंय आणि शी येते तेव्हा मऊ येते ना, मग चारपाच दिवस झाले तरी घाबरायचं कारण नाही, पण एकदा डॉक्टरांना विचारून घे.

चड्डीचे डाग दुसऱ्या सफाईनंतर तीन आठवड्यांत थांबले. अंथरूण ओलं करणं साधारण दोन महिन्यांत थांबलं, त्यासाठी वेगळं काहीच केलं नाही. पडद्यामागे जाऊन उभं राहणं सगळ्यात शेवटी गेलं, जवळजवळ पाच महिने लागले, शी मऊ असूनही तो आवळायचा, शरीराला लागलेली सवय होती ती. तेव्हा मी फक्त जवळ जाऊन विचारायचे, "पोट काही म्हणतंय का?" आणि बरेचदा तो म्हणायचा नाही, आणि पाच मिनिटांनी स्वतःच जायचा.

आता सव्वासहा वर्षांचा आहे. मार्चपासून पावडर कमी करत आणली, ८ वरून ६, मग ४, प्रत्येक पायरीवर महिना. सध्या ४ ग्रॅम एक दिवसाआड. परवा शाळेत शीला जाऊन आला, पहिल्यांदाच, घरी येऊन दप्तर टाकायच्या आधी आजीला सांगितलं, नंबरसकट. पुढची तपासणी जुलैमध्ये आहे, शाळा सुरू झाल्यावर महिन्याने, कारण तोच त्याचा अवघड काळ आणि पावडर पूर्ण बंद करायची की नाही ते तेव्हा ठरेल.